सर, हा नंबर कोणाचा?

आमच्या क्लासच्या दारावर ऑइलपेंटने १७६६३१९०४९ असं रंगवलंय. फीची चौकशी करायला आलेले पालक तो मोबाइल नंबर समजून लावून बघतात आणि मग विचारतात, "सर, हाऊ नंबर कोना शे? लागत नही." कसा लागेल? आपल्याकडे मोबाइल नंबर एकने सुरू होतो का कधी? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'बीजगणिता'त घातलेला प्रश्न आहे. एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ने गुणा, १ मिळवा. आलेलं उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग हवं. शून्य चालणार नाही. ६१ऐवजी ६० असते तर सोपं होतं: ४चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, वर १, म्हणजे ३१चा वर्ग. ६२ला ८ पुरतात, उत्तर ६३चा वर्ग. मधल्या ६१ला मात्र थेट २२६१५३९८० गाठावे लागतात आणि तेव्हा कुठे दारावरच्या संख्येचा वर्ग मिळतो. आणि हे सगळ्यांत लहान उत्तर बरं का! त्याच्या अलीकडच्या बावीस कोटींहून जास्त संख्यांपैकी एकही चालत नाही. शंभरच्या आत एवढं मोठं उत्तर दुसऱ्या कुणाचंच नाही. फ्रान्समधल्या फर्मानेही १६५७मध्ये आव्हान देताना ६१ काढला, तो उगाच नाही.

पण भास्कराचार्य एकेक संख्या तपासत बसले नाहीत. चक्रवाल पद्धत अशी: ८चा वर्ग ६४, ६१पेक्षा ३ जास्त. आता असा गुणक शोधा की त्यात ८ मिळवल्यावर ३ने भाग जाईल आणि त्याचा वर्ग ६१च्या आसपास असेल. ७ बसतो. ७ आणि ८ पंधरा, भागिले ३, झाले ५. सात आठे छप्पन्न, त्यात ६१, भागिले ३, झाले ३९. ३९चा वर्ग १५२१. ५च्या वर्गाची ६१पट १५२५. फरक चारचा. फरक ४वर आला की पुढची वाट ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकातच करून ठेवलेली.

भास्कराचार्य जन्मले कुठे, यावर ज्यांना भांडायचं त्यांनी खुशाल भांडावं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात शके ११२८चं दान कोरलंय, ते त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. मला तेवढं पुरे.

पडताळा घ्यायचा तर एक्सेलच्या नादी लागू नका. ते पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं, आणि आपला वर्ग एकोणीस अंकी. कागद घ्या. ब्रह्मगुप्ताच्या त्या वाटेवर मध्येच २९७१८ आणि ३८०५ भेटतात. २९७१८चा वर्ग ८८३१५९५२४. ३८०५च्या वर्गाची ६१पट ८८३१५९५२५. एकाचाच फरक. आता पहिल्या वर्गाची दुप्पट करून त्यात १ मिळवा.