गौरीचा मुखवटा आणि आठवीचा वर्ग

गौरीविसर्जनाच्या दिवशी आमची आई दरवर्षी न चुकता म्हणत असे, "बघ, आज चेहरा कसा उतरलाय हिचा." आमच्या घरचा मुखवटा पितळेचा होता. अनुराधा नक्षत्रावर गौर घरात यावी, ज्येष्ठा नक्षत्रावर तिने पुरणपोळी जेवावी आणि मूळ नक्षत्रावर निघावे, या तीन दिवसांत पितळेचा चेहरा उतरण्याचे काही कारण नाही, असा वाद मी लहानपणी आईशी घालत असे. आता शाळेत आठवी-नववीच्या मुलांना मुखवट्याचा अभिनय शिकवताना पहिल्या तासाला मी हीच गोष्ट सांगते, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे वाक्य आपापल्या घरी ऐकलेले असते.

गोष्ट सांगून झाली की कागदाच्या लगद्याचा एक साधा मुखवटा हातात धरून मी त्याची हनुवटी बोटभर खाली झुकवते. मुले म्हणतात, रुसला. तीच हनुवटी किंचित वर उचलली की म्हणतात, हसला. जपानच्या नो या पारंपरिक मुखवटा-नाट्यात या दोन हालचालींना स्वतंत्र नावेच आहेत. वर उचलणे म्हणजे 'तेरासू', उजळणे, आणि खाली झुकवणे म्हणजे 'कुमोरासू', झाकोळणे. कोरलेल्या लाकडावर पडणारा उजेड आणि सावली बदलते आणि पाहणाऱ्याला भाव बदलल्यासारखा वाटतो. आईचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे मला नोकरीला लागल्यावर कळले.

खरी अडचण पुढच्या तासापासून सुरू होते. आमच्याकडे येणारी मुले एकपात्री, वक्तृत्व आणि बालनाट्य स्पर्धांतून घडलेली असतात, आणि तिथे आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे "चेहऱ्यावर भाव आणा" असे ओरडून त्यांना डोळे मोठे करायला आणि भुवया उडवायला शिकवलेले असते. एका वर्षी अनेक बक्षिसे मिळवलेला एक मुलगा मुखवटा चढवून वर्गासमोर आला. आजोबा गेल्याची बातमी कळते, असा प्रसंग त्याला दिला होता. तो दोन मिनिटे झेंड्याच्या काठीसारखा ताठ उभा राहिला. आम्हाला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मुखवटा काढला तेव्हा तोंड घामाने थबथबलेले होते आणि डोळ्यांत खरोखर पाणी होते. "बाई, मी आत किती रडलो!" तो म्हणाला. वर्ग हसला, मीही हसले, आणि नंतर मला त्याचे वाईट वाटले. त्याने आयुष्यभर जे कमावले होते ते सगळे त्या पातळ कागदाच्या आत राहिले होते.

नियम मी थोडेच ठेवते. मुखवटा प्रेक्षकांकडे पाठ करून चढवायचा आणि पाठ करूनच उतरवायचा. चढवलेला असताना त्याला हात लावायचा नाही, कारण हात लागला की तो लगेच पुठ्ठा होऊन जातो. पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्यात बोलायचे नाही. बोलण्यासाठी ओठ मोकळे ठेवणारे अर्धे मुखवटे वेगळे. आणि पाहायचे ते नाकाने. डोळ्यांची भोके लहान असल्यामुळे नुसती बुबुळे फिरवून काहीच दिसत नाही. दाराकडे पाहायचे तर नाक दाराकडे वळले पाहिजे, त्यापाठोपाठ मान, मग छाती. कोणाचा जीव घाबरला तर त्याने हात वर करायचा आणि मी तत्काळ तास थांबवायचा, हा नियम मात्र माझ्यासाठी आहे. चष्मेवाल्या मुलांसाठी कपाळापाशी स्पंजचा तुकडा चिकटवला की मुखवटा चेहऱ्यापासून पुरेसा सुटा राहतो.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. कोणताही स्वभाव नसलेला, तटस्थ मुखवटा हवा म्हणून सगळे मुखवटे पांढरेशुभ्र रंगवले, आणि पहिली मुलगी वळताच मागच्या बाकावरून "भूत!" अशी आरोळी आली. त्यानंतर महिनाभर त्या वर्गात भुताशिवाय दुसरे काही उभे राहिले नाही. आता मी मातकट तपकिरी रंग वापरते. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक ल कॉक यांनी 1956 मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली, तिथे ज्या तटस्थ मुखवट्यावर शिक्षण सुरू होते तो आमलेतो सार्तोरी या इटालियन शिल्पकाराने त्यांच्यासाठी चामड्यात घडवला होता. आम्हाला खळ, जुनी वर्तमानपत्रे आणि शाडूचा साचा एवढेच परवडते, पण रंगाचा धडा तिथूनच घेतला.

ल कॉक यांचा एक प्रसिद्ध पाठ निरोपाचा आहे: बोट निघून चालली आहे आणि माणूस धक्क्यावर उभा आहे. आम्ही बोटीच्या जागी एसटी आणली. बहुतेक मुले गाडी सुटायच्या आधीच हात हलवू लागतात, आणि मुखवट्याखाली तो हात पंख्याच्या पात्यासारखा निर्जीव दिसतो. गेल्या वर्षी एका मुलीने हात उचललाच नाही. गाडी हलली तशी तिची एक टाच जमिनीवरून सुटली, ती अर्धे पाऊल पुढे गेली आणि थांबली. मग बराच वेळ तिचे नाक हळूहळू डावीकडे वळत राहिले. वर्गात कोणी हूं की चूं केले नाही.

मुखवट्याने लाजरी मुले धीट होतात, असे पालकसभेत सांगायला फार सोपे असते आणि मीही ते सांगत आले आहे, पण माझा अनुभव तितका सरळ नाही. लाजऱ्या मुलाचे आवळलेले खांदे चेहरा झाकल्यावर उलट जास्तच दिसू लागतात. काही मुले तेच खांदे म्हाताऱ्या पात्राला उसने देतात आणि खूश होतात. काही मात्र दुसऱ्यांदा मुखवटा घ्यायला नकार देतात. त्यांना मी आग्रह करत नाही.

नववीच्या मुलांशी मी बोहाड्याविषयीही बोलते. जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी गावांत सांबळाच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे चढवून रात्री नाचतात, आणि अनेक ठिकाणी ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडेच असते. आपल्या बोलण्यात सोंग म्हणजे लबाडी आणि मुखवटा म्हणजे खोटेपणा. 'त्याचा मुखवटा गळून पडला' हे आपण कौतुकाने म्हणत नाही. तिथे मात्र मुखवट्याची पूजा झाल्याशिवाय तो तोंडावर चढत नाही. आमच्या तासाला पूजा नसते, पण मुखवटा पालथा टाकायचा नाही, एवढे मी मुलांकडून पाळून घेते.

यंदा पावसामुळे मुखवटे वाळता वाळत नाहीत. बावीस मुखवटे प्रयोगशाळेच्या खिडकीशी दोरीला टांगले आहेत आणि दर दोन दिवसांनी मी त्यांच्यावरची बुरशी पुसते. काल आमचे शिपाईमामा दार लावता लावता म्हणाले, "बाई, यांची तोंडं खिडकीकडे केली तर चालतील का? संध्याकाळी एकटा असतो मी इथे." आम्ही दोघांनी मिळून बावीसही मुखवटे फिरवले.