देणं

१६ जुलै, रात्र

आज आयकराचं विवरणपत्र भरलं. फॉर्म १६ वरचा पगारातून कापलेल्या कराचा आकडा डोक्यातून जाईना, म्हणून वीस वर्षांनी 'अ‍ॅटलस श्रग्ड' कपाटातून खाली काढलं. आयन रँडची ही कादंबरी १९५७ची, हजाराहून जास्त पानांची. हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर ती हातोहात फिरायची. जिच्याकडे असे, ती आठवडाभर कुणाशी धड बोलत नसे.

हवा होता तो प्रसंग लगेच सापडला. रात्री सुनसान रस्त्यावर रिअर्डन या पोलादाच्या कारखानदाराला रॅग्नार नावाचा समुद्री चाचा गाठतो आणि सोन्याची वीट हातात ठेवतो. सरकारने तुझ्याकडून घेतलेल्या आयकराची ही परतफेड, म्हणतो. हा रॅग्नार समुद्रावर मदतीची जहाजं लुटतो. श्रीमंतांचं घेऊन गरिबांना वाटणारा रॉबिन हूड लोकांच्या मनातून पुसून टाकायचा, एवढाच त्याला ध्यास. समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'अगदी बरोबर!!'

एकोणिसाव्या वर्षी ते मनापासून लिहिलं होतं. खोडणार नाही. रँडबाईंचा राग खरा आहे. रशियात वडिलांचं औषधांचं दुकान क्रांतीनंतर बोल्शेविकांनी जनतेच्या नावाने ताब्यात घेतलं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. दुसऱ्याच्या कष्टावर कुणी उदार होऊ नये, हे तिचं म्हणणं मला आजही पटतं. तुकोबांनीसुद्धा इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची कर्जखतं. धाकट्या भावाची त्याच्या हवाली केली आणि मगच, असं सांगतात.

पण कादंबरीत संपावर गेलेले उद्योगपती ज्या डोंगरातल्या खोऱ्यात राहतात, तिथे एका शब्दाला बंदी आहे. देणं. मित्राची मोटार लागली तर २५ सेंट भाडं मोजायचं. नायिकासुद्धा राहण्याखाण्याच्या बदल्यात स्वयंपाकपाणी करते. मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. हाताने देतो तेही देणं, डोक्यावर असतं तेही देणं. त्या खोऱ्यात गेले तर यातलं नेमकं कुठलं मागे ठेवून जाऊ?

परवा पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी १५,००० रुपये मागितले. मुलीची नर्सिंगची फी. 'द्या' हा शब्द त्यांच्याही तोंडून आला नाही. 'उसने' म्हणाल्या. आणि मी काय विचारावं? "परत कधी?" त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं जुनं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला सगळं आधीच लिहून आणलेलं. आगष्ट १०००, सपटेंबर १०००, असे सोळा महिने, एकाखाली एक. दोन्ही दिवाळ्यांच्या महिन्यांत पाचशे-पाचशेच, तिथे खाडाखोड केलेली. प्रत्येक ओळीपुढे माझ्या सहीला जागा.

अंबानी-अदानींनी किती द्यावं, यावर मी ऑफिसात तावातावाने बोलते. मावशींच्या हिशेबात श्रीमंत म्हणजे मी.

मी सरकारी कॉलेजात शिकले, ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या, सवलतीत. माझ्या फीचा उरलेला भाग ज्यांच्या करातून भरला गेला, त्यात साबण-काडेपेटी घेणारे किती असतील! त्यांच्यातल्या कुणी माझ्याकडून हप्त्यांचं पान लिहून घेतलं नाही. रँडच्या हिशेबात ही लूट झाली, आणि मी लुटारूंच्या बाजूची. मला हे मान्य नाही. मी ते उसनंच धरते. फक्त परत नेऊन द्यायला त्यांचा पत्ता माझ्याजवळ नाही.

भाचीने पुस्तक मागितलंय. तिची आई नको म्हणते, पोरीच्या डोक्यात भलतंच शिरेल म्हणून. मी देणार आहे. कोण कुणाचं काय देणं लागतो, हा प्रश्न आमच्या घरात इतक्या जोरात दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. तिलाही पेन्सिल घेऊन बसू दे.

पैसे काल दिले. पान फ्रीजवर चुंबकाखाली आहे. मघाशी ते फाडायला हात गेला होता. पण एवढा विचार करून, दिवाळी सांभाळून त्यांनी ते लिहिलंय. सकाळी साडेसातला येतील, तेव्हा आधी त्यांना विचारते.