बेलेमच्या पुढे, कशिआशपर्यंत

पोर्तुगाल-स्पेनचा ग्रुप घेऊन लिस्बनला गेले होते, तेव्हा ऑफिसने एक जादा काम गळ्यात घातलं होतं. तिथे दोन माणसांपुरत्या छोट्या तीनचाकी गाड्या तासावर भाड्याने मिळतात. गाडीत जीपीएस असतं. ते डावी-उजवीकडे वळायला सांगतं आणि एखाद्या जागेसमोर आलो की तिची गोष्टही सांगतं. गाइड नको, कोच नको, झेंडा धरून पुढे चालणारी टूर मॅनेजर तर नकोच. पुढच्या सीझनला हा प्रकार ऑप्शनल म्हणून द्यायचा का, ते मी स्वतः चालवून बघायचं आणि रिपोर्ट पाठवायचा होता. ग्रुप त्या दिवशी सिंत्राला जाणार होता. बरोबर लोकल गाइड आणि माझा सहकारी होते, त्यामुळे मला दुपारपर्यंत सवड होती.

नाश्त्याला सांगलीचे काका माझ्या टेबलाशी आले. ऐंशी ओलांडलेले, हायस्कूलमधून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. एकटेच आले होते. म्हणाले, "सिंत्राचे चढ माझ्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत. तुझ्या त्या गाडीत दुसरी सीट आहे ना? मग मी येतो." पॅक्सला, म्हणजे टूरमधल्या प्रवाशाला, रेकीवर (आधी जाऊन केलेल्या पाहणीवर) न्यायचं म्हणजे जोखीमच. मी ऑफिसला फोन करून परवानगी घेतली, काकांच्या मुलाशी बोलले आणि मगच हो म्हटलं.

गाडीला स्टिअरिंग नसतं, स्कूटरसारखं हँडल असतं. चालवताना थेट आपल्या रिक्षाची आठवण होते, फक्त बसायची जागा पार जमिनीलगत. हेल्मेट घालावंच लागतं. काकांना आधी सीटच्या कडेवर बसवलं, मग एकेक पाय आत घेतला. दुखऱ्या गुडघ्यांसाठी हाच क्रम सोपा. दुसरी गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच कळली. इंजिनाच्या आवाजात ती इंग्रजी कॉमेंट्री काकांना अजिबात ऐकू येत नव्हती. म्हणून प्रत्येक थांब्यावर मी गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि ऐकलेलं सगळं मराठीत सांगायचं, असं ठरलं. मी सांगायची आणि काका त्यात भर घालायचे. रेकीचा दिवस वेगळ्या वाटेला लागला तो तिथूनच.

नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउ या भल्यामोठ्या चौकातून आम्ही बायशा भागात शिरलो. इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग तेजो नदीतून समुद्राच्या लाटा चढल्या, आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. चौकाच्या जागी राजवाडा होता, तोही गेला. मग मार्केस दी पोंबाल या मंत्र्याने हा भाग नव्याने आखून घेतला आणि घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालायला लावला, म्हणजे धक्का बसला तरी इमारत लवचिक राहावी. हे ऐकल्यावर काका बराच वेळ एका इमारतीच्या भिंतीकडे बघत राहिले. म्हणाले, "किल्लारीला लाकूड होतं गं घरांत. पण दगडामातीच्या भिंती इतक्या जाड आणि जड, की त्याच माणसांवर आल्या." कोचमधून हा चौक दाखवताना मी भूकंपाची तारीख सांगते. भिंतीच्या आत काय आहे, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

अल्फामा या जुन्या वस्तीचा चढ हा या गाडीचा खरा कस. फरसबंदीवर सगळं अंग हादरतं, २८ नंबरची ट्राम समोर थांबली की मागे सगळं थांबतं, आणि टुकटुकवाले दोन्ही बाजूंनी घुसतात. ट्रामच्या रुळात चाक अडकू नये म्हणून रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे. कॅथीड्रलच्या पुढे आम्ही असेच ट्राममागे खोळंबलो असताना काकांनी एका इमारतीवरची पाटी बघितली आणि विचारलं, "हे कसलं म्युझियम?"

ते अल्जूब. पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीत, जी पुढे सालाझारने चालवली, १९२८ पासून १९६५ पर्यंत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय आहे, २०१५ च्या २५ एप्रिलला उघडलेलं. आमच्या इटिनररीत ते नाही. काकांनी पुढचा प्रश्न विचारला: "मग मोहन रानडे इथे होते का?"

ज्यांना हे नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोहन रानडे म्हणजे सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात काम केलं. १९५५ मध्ये बेतीच्या पोलिस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या कशिआशच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती उभी केली, देशभर खटपट केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मोकळा झाल्यावर सात वर्षांनी.

काकांच्या सांगलीच्या घरी रानड्यांबद्दल पेपरात काही आलं की वडील मोठ्याने वाचून दाखवायचे. सुटकेची बातमी आली तेव्हा काका नुकतेच शिक्षक झाले होते. त्या दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक उघडलंच नाही, तासभर रानड्यांबद्दलच सांगितलं. हे त्यांनी मला ट्रामच्या मागे, हेल्मेटची काच वर करून सांगितलं.

इतकी छोटी गाडी असली की दोन मोटारींच्या फटीतही जागा मिळते. आम्ही थांबलो आणि आत गेलो. तिथल्या एकांतकोठड्या बघवत नाहीत. जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढीच जागा. काउंटरवरच्या बाईंना मी रानड्यांचं नाव लिहून दाखवलं. त्यांना ते नाव माहीत नव्हतं, पण कशिआशचा किल्ला म्हटल्याबरोबर त्यांनी नकाशा काढला आणि शहराच्या पश्चिमेला, समुद्राकडे पेनने खूण केली. पुढे म्हणाल्या, तिथे अजूनही तुरुंग आहे, आत जाता येणार नाही.

काका म्हणाले, "बाहेरून बघू की."

गाडी बेलेमच्या पुढे न्यायला परवानगी नव्हती. म्हणून आधी ठरलेल्या रस्त्याने बेलेम गाठलं. नदीकाठच्या त्या लांबलचक रस्त्याचं नावच आवेनिदा द इंदिया आहे. यंत्र इथे फार उत्साहाने बोलतं: शोधयात्रा, धाडसी दर्यावर्दी, मसाल्यांचा मार्ग. जेरोनिमोश मठासमोर मी इंजिन बंद केलं. १५०१ च्या सुमाराला सुरू झालेल्या या बांधकामासाठी आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर बसवला होता. मिरीच्या पैशातून उभे राहिलेले ते खांब. आत वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीनला, १५२४ मध्ये. अवशेष नंतर पोर्तुगालला आणले आणि या मठात ते १८८० मध्ये आले.

बेलेमच्या बुरुजापाशी काकांनी मला एक गोष्ट शिकवली. बुरुजाच्या एका कोपऱ्यावरच्या टेहळणी-मनोऱ्याच्या बुडाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. मी इथे असंख्य वेळा फोटो-स्टॉप दिला असेल. यंत्रानेही गेंड्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला. काकांनी सविस्तर सांगितलं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो गेंडा पोर्तुगिजांचा भारतातला गव्हर्नर आल्बुकर्क याला भेट दिला. आल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलकडे रवाना केला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं, तेव्हा हत्तीच पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि गेंडाही गेला. जर्मनीत बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने तो कधी न बघता, वर्णनावरून त्याचं लाकडी ठशातलं चित्र केलं. युरोपात पुढची अनेक वर्षं गेंडा म्हटलं की तेच चित्र डोळ्यासमोर यायचं.

"गोव्याहून इथे दोन जीव असे बांधून आणले," काका म्हणाले, "एक गेंडा आणि एक आमचा सांगलीचा मास्तर." मी काही बोलले नाही. गाडी लावली, दुकानाला फोन करून वेळ वाढवून घेतली आणि टॅक्सी बोलावली.

बेलेमच्या पुढचं अल्जेश ओलांडलं की डाव्या हाताला नदी रुंद होत होत समुद्राला मिळते. कशिआशला टॅक्सी उजवीकडे वळून चढाला लागली. ड्रायव्हर साठीच्या पुढचा होता. आम्ही कुठे निघालोय हे कळल्यावर त्याने आरशातून दोनदा बघितलं. मोडक्या इंग्रजीत त्याने आम्हाला एक पलायन सांगितलं, ते पोर्तुगालमध्ये सर्वांना ठाऊक आहे. ४ डिसेंबर १९६१ ला आठ कम्युनिस्ट कैदी या किल्ल्यातून पळाले, तेही सालाझारच्याच बुलेटप्रूफ गाडीत बसून. त्यांच्यातला एक जण फितूर झाल्याचं सोंग घेऊन तुरुंगात गाड्या दुरुस्त करायचा. त्याने ती गाडी चालती केली, बाकीचे आत शिरले आणि गेट फोडून गाडी बाहेर पडली. पहारेकऱ्यांच्या गोळ्या काचांवर आपटत राहिल्या.

मी हे काकांना मराठीत सांगितलं. त्यांनी बोटांवर तारखा मोजल्या. "चार डिसेंबर. आणि एकोणीसला गोवा. पंधरा दिवस." त्या महिन्यात रानडे पोर्तुगालच्याच कैदेत होते.

किल्ल्याची भिंत, वर तारा, पहारा. गाडीतून उतरून आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. फोटो काढायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं. काकांनी फोन खिशातून काढलाही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो त्या भिंतीकडे बघत विचारला: "गोवा सुटला, हे आत कळलं असेल का गं? आणि कोणी सांगितलं असेल? पहारेकऱ्याने?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रायव्हरने विचारलं काय म्हणतायत, मी सांगितलं. तो विचार करून म्हणाला, इथल्या कैद्यांना भिंतीवर टकटक करून निरोप पोचवता यायचे, तसं कळलं असेल. मग त्याने १९७४ चं सांगितलं. २५ एप्रिलला सैन्याने राजवट उलथवली आणि दोन दिवसांत या किल्ल्याचे दरवाजे उघडून राजकीय कैदी बाहेर आले. तो तेव्हा शाळकरी पोर होता, वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दी बघायला आला होता. काका त्याचा हात हातात घेऊन मराठीतच बोलायला लागले. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलू मास्कारेन्हस १९७० पर्यंत पोर्तुगालमध्ये कैद होते, रानडे पुढे पुण्यात राहिले आणि २०१९ मध्ये गेले, हे सगळं. मी दुभाषीण. पंधरा वर्षं टूर करते, पण आमच्या मातीतली गोष्ट त्या देशातल्या माणसाला, त्याच जागेवर, इतक्या निगुतीने ऐकताना मी कधी बघितलं नव्हतं. एका पहारेकऱ्याने हात करून निघा म्हटलं, तेव्हाच आम्ही गाडीत बसलो. ड्रायव्हरने वाट बघितल्याचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तरी नाही.

रात्री हॉटेलवर रिपोर्ट लिहिला. छोटी गाडी जोडप्यांना आणि बाप-लेकांना जरूर द्यावी. वीस गाड्यांचा ताफा करू नये. चालवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि उजव्या बाजूने चालवायचा सराव हवा. अल्फामा सकाळी लवकर उरकावं. ज्येष्ठांना बसायला-उठायला मदत लागेल. कॉमेंट्री छापील स्वरूपात मराठीतही हवी, कारण थांबून वाचता आली तरच ती उपयोगाची. ऑफिसने बहुतेक मुद्दे मान्य केले. कशिआशचा स्टॉप मात्र मिळाला नाही. चालू तुरुंगाबाहेर चाळीस माणसं उतरवता येत नाहीत, आणि ते मलाही पटतं.

पण पुढच्या कशकाइश या किनाऱ्यावरच्या गावाला जाताना आमचा कोच त्याच किनारी रस्त्याने जातो, आणि माइकला कोणाची परवानगी लागत नाही. अल्जेश सुटलं की सुरुवात करायची. आधी बेतीची चौकी, मग २६ वर्षांची शिक्षा, मग १९६१ च्या डिसेंबरातले ते दोन दिवस, चार आणि एकोणीस. मध्ये सिग्नल लागला तर फडके आणि अण्णादुराईही बसतात. कशिआश आलं की उजवीकडच्या टेकडीकडे बोट दाखवायचं. कोच वेगात असेल तर गेंडा परतीच्या वाटेवर, बेलेमला सांगायचा.