पाच-सहा ग्रॅमच्या जिवाचा हिवाळा

युरोपातल्या सूचिपर्णी जंगलात वर फांद्यांवर गोल्डक्रेस्ट हा पक्षी असतो आणि खाली पाचोळ्यात कॉमन श्रू ही चिचुंद्री. हिवाळ्यात दोघांचं वजन जवळपास सारखंच, ५ ते ८ ग्रॅमच्या आत. (चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही, ती काटेरी अंगाचा हेजहॉग आणि जमिनीत बिळं करणारा मोल यांच्या गोतातली.)

अडचणही एकच. अंग जितकं लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऊब झपाट्याने निघून जाते. शीतनिद्रा दोघंही घेत नाहीत.

गोल्डक्रेस्टला अंधारात खाता येत नाही. उत्तरेकडची पंधरा-सोळा तासांची रात्र त्याला दिवसा साठवलेल्या चरबीवर काढावी लागते, आणि एका रात्रीत वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा जळून जातो. मग पिसं फुलवून दोन-तीन पक्षी एकमेकांना चिकटून बसतात. खरा घात होतो तो फांद्यांवर बर्फाचा कडक थर चढल्यावर: कोळी आणि बारीक किडे त्याखाली अडकतात, आणि दिवसाची कमाईच बुडते.

चिचुंद्री रात्र-दिवस पाहतच नाही. थोडं खाणं, थोडी झोप, पुन्हा खाणं. शिकार वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर चालते, त्यामुळे बर्फाच्या थराखाली, जिथे तापमान शून्याच्या आसपास टिकतं, तिथेही तिचं अडत नाही. पण चरबीची शिदोरी जवळजवळ नाहीच. तिची तोड मला सगळ्यात विलक्षण वाटते: ती स्वतःच आक्रसते. कवटीची उंची १५ टक्क्यांच्या आसपास घटते, मेंदूही लहान होतो, आणि वसंतात काही भाग पुन्हा वाढतो. पोलिश प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ मध्ये याची नोंद केली. अंगच लहान, तर पोसायला लागणारं अन्नही कमी.

उंदीर जिवंत पकडण्याच्या सापळ्यात चिचुंद्रीही अडकते. तिच्याकडे चरबीची शिदोरी नसते, म्हणूनच असे सापळे लावताना फक्त धान्य ठेवू नये. चिचुंद्री धान्यावर जगत नाही आणि उपाशीपोटी काही तासांतच मरते. माश्यांचे कोष किंवा मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) ठेवा, सुकं गवत भरा आणि सापळा दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, तपासा. तेवढं जमणार नसेल तर सापळा लावून ठेवू नका.