आलावा : व्हितोरियाहून तीन दिशांना

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रदेशात गेलेल्या प्रवाशाचे पाय आपसूक बिल्बाओकडे आणि समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. दक्षिणेकडच्या आलावा प्रांताच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. आम्ही या प्रांताच्या राजधानीत, व्हितोरियात, मुक्काम ठेवला आणि भाड्याच्या गाडीने रोज एका दिशेला गेलो. पाट्यांवर गावांची बास्क आणि स्पॅनिश अशी दोन्ही नावे असतात, त्यामुळे व्हितोरिया म्हणजेच गास्तेइस आणि साल्वातिएरा म्हणजेच आगुराइन, हे आधी ध्यानात ठेवावे.

पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर आन्यानाची मिठागरे आहेत. मिठागर म्हटले की आपल्याला खाडी आठवते. इथे मात्र समुद्रापासून दूर, डोंगरांमधल्या घळीत, जमिनीखालच्या मिठाच्या थरांतून येणारे झऱ्याचे पाणी लाकडी पन्हळींमधून उतारावरच्या शेकडो वाफ्यांत खेळवलेले आहे. दर लिटरला दोनशे ग्रॅमहून अधिक मीठ असलेले हे पाणी उन्हात आटवून मीठ काढतात, म्हणून मिठाचे काम पाहायचे असेल तर उन्हाळ्यातच जावे.

पूर्वेला गासेओ या लहानशा गावातल्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. वेदीमागे झाकली गेलेली ही चित्रे १९६७ मध्ये उजेडात आली. पापी माणसांना गिळणारा नरकाचा अजस्र जबडा पाहताना मी बराच वेळ तिथेच रेंगाळलो. पहिल्या दिवशी मात्र आम्ही बंद दारावरूनच परतलो होतो, कारण मार्गदर्शकासह भेटीची वेळ आधी ठरवायची आम्हाला सुचले नव्हते. जवळच आरिसाला गावापाशी ‘सोर्गिनेचे’ (बास्क भाषेत ‘चेटकिणींचे घर’) ही महापाषाणयुगीन दगडी समाधी आहे. तिथे कुलूप नाही.

दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या मुलखात लाग्वार्दिया हे तटबंदीचे गाव लागते. गावाखाली दारूची तळघरे कोरलेली असल्याने गाडी तटाबाहेरच ठेवावी लागते. सांता मारिया चर्चच्या चौदाव्या शतकातील कोरीव दारावरचा सतराव्या शतकातला रंग आजही टवटवीत आहे, कारण नंतर बांधलेल्या दर्शनी भिंतीने त्याला ऊनपावसापासून आडोसा दिला. जवळच्या एल्सिएगो गावातले, वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी रचलेले हॉटेल रस्त्यावरून पाहिले तरी पुरते. दुपारी दोन ते चार बरीच दारे बंद असतात. तेवढ्यात जेवण उरकावे आणि परततांना एरेरा घाटातल्या कठड्यापाशी थांबावे, कारण तिथून एब्रो नदीचे सारे खोरे एका नजरेत दिसते.