बंदरापासून कामाच्या तळापर्यंत अवजड यंत्र : रूट सर्व्हेत न दिसलेला उंचवटा

बंदरात उतरलेले अवजड बांधकाम यंत्र रस्त्याने नेणाऱ्यांना पहिला सल्ला असा की, हाती आलेल्या रूट सर्व्हेत (माल नेण्याआधी वाटेची पाहणी करून तयार केलेल्या अहवालात) रस्त्याचा उभा छेद, म्हणजे लांबीच्या दिशेचा चढउतार, नोंदलेला नसेल तर तो सर्व्हे स्वीकारू नये आणि त्याचे पैसेही देऊ नयेत. आम्हाला मिळालेला अहवाल दिसायला देखणा होता. प्रत्येक पुलाखालची उंची, प्रत्येक वळणाची रुंदी, रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या तारा, तोडाव्या लागणाऱ्या फांद्या, हे सारे छायाचित्रांसह त्यात होते, आणि शेवटच्या टप्प्यातील रेल्वे फाटकापुढे ‘रुंदी पुरेशी, उंची पुरेशी’ असा शेरा होता. तो शेरा अक्षरशः खरा होता, तरीही संपूर्ण वाटेवर आमचा ताफा खऱ्या अर्थाने अडला तो त्याच फाटकापाशी. ट्रेलर, लॅशिंग (माल साखळ्यांनी बांधणे) आणि परवाने यांची ओळख असलेल्यांसाठीच हा वृत्तांत आहे, त्यामुळे मूलभूत गोष्टींत शिरत नाही.

यंत्र 90 टनी वर्गातील क्रॉलर एक्स्कॅव्हेटर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या चेनवर चालणारे खोदयंत्र, होते. बूम व आर्म (खोदणारा हात), बकेट आणि काउंटरवेट (मागचे तोलवजन) वेगळे केलेले असल्यामुळे मुख्य सांगाडा लोबेडवर, म्हणजे जमिनीलगत प्लॅटफॉर्म असलेल्या ट्रेलरवर, आणि बाकीचे भाग मागून येणाऱ्या दोन साध्या ट्रेलरांवर, अशी विभागणी केली. चेन आत ओढून घेतल्यावरही सांगाड्याची रुंदी 3.5 मीटर राहिली आणि लोबेडवर चढल्यावर जमिनीपासून एकूण उंची 4.2 मीटर भरली. सामान्य वाहनांची रुंदीची मर्यादा भारतात 2.6 मीटर, युरोपीय संघात 2.55 मीटर आणि अमेरिकेत 2.59 मीटर आहे, म्हणजे असा माल कोणत्याही देशात विशेष परवान्याशिवाय बंदराच्या फाटकाबाहेर पडूच शकत नाही. परवाना वेळेत मिळाला. त्याबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की, परवान्यात लिहिलेली मापे यंत्राच्या माहितीपत्रकावरून न घेता माल ट्रेलरवर चढवून, बांधून, टेप लावून घ्यावीत. शिडी, आरसे, कठडे आणि धुराड्याची टोपी यांची बेरीज माहितीपत्रकात बहुधा धरलेली नसते.

बंदरात वेळ जातो तो क्षुल्लक कारणांनी. जहाजावर चढवताना टाकीत इंधन जेमतेम ठेवलेले असते आणि बॅटरीची जोडणी तोडलेली असते, त्यामुळे जहाजातून उतरलेले यंत्र स्वतःहून पाऊलभरही हलत नाही. डिझेल, चार्ज केलेली बॅटरी आणि त्याच मॉडेलवर हात बसलेला ऑपरेटर हे तिघे ट्रेलरच्या आधी बंदरात पोचलेले असावेत, आणि इंधन आत नेण्याची परवानगी आदल्या दिवशीच घेतलेली असावी. यंत्र जुने असेल तर चेनमधील आणि सांगाड्याखालची माती जहाजावर चढण्यापूर्वीच वाफेने धुवून घ्यावी, कारण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत मातीचा लवलेश दिसला तरी जैवसुरक्षेच्या नियमाखाली यंत्र अडकवून ठेवतात.

लॅशिंगच्या बाबतीत एक गैरसमज मला अनेक अनुभवी माणसांतही आढळला. जहाजावर घट्ट बांधून आलेले यंत्र त्याच साखळ्यांनी, त्याच पद्धतीने ट्रेलरवर बांधले की झाले, असे ते मानतात. हे सपशेल चूक आहे. रस्त्यावरील बांधणी करताना पुढच्या दिशेने यंत्राच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूंना व मागे 50 टक्के इतका जोर धरून हिशेब करावा लागतो, कारण रस्त्यावरचा सर्वांत वाईट क्षण अचानक ब्रेक लागण्याचा असतो आणि समुद्रात तो दोन्ही बाजूंना डोलण्याचा असतो. लोखंडी चेन आणि लोखंडी प्लॅटफॉर्म यांच्यात ग्रीस किंवा पाणी असेल तर घर्षण जवळजवळ नाहीसे होते. मध्ये जाड रबरी मॅट टाकल्यास तेच घर्षण कित्येक पटींनी वाढते आणि साखळ्यांवरचा भार त्या प्रमाणात उतरतो. वरचा भाग फिरू नये म्हणून स्लू लॉकची पिन लावलेली आहे, हे स्वतः हात लावून पाहावे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये.

आता बिलांविषयी. डिमरेज आणि डिटेन्शन हे दोन वेगळे आकार आहेत. मोफत मुदत संपल्यावर माल बंदराच्या आवारात पडून राहिल्याबद्दल पहिला लागतो आणि जहाज कंपनीचे साधन, आमच्या बाबतीत बूम व काउंटरवेट ज्यांवर आले ते फ्लॅट रॅक (छत व बाजूच्या भिंती नसलेले कंटेनर), बाहेर नेऊन वेळेत परत न केल्याबद्दल दुसरा. आमच्यावर एकाच कालावधीसाठी, एकाच फ्लॅट रॅकवर, दोन्ही आकार लावण्यात आले, आणि त्यावर कडी म्हणजे वाहतूकदाराने त्याच तासांचे ट्रेलर खोळंब्याचे बिलही पाठवले. फ्लॅट रॅक आवारातच होते, याचा पुरावा बंदराच्या गेट पासवर छापलेल्या वेळेत होता, म्हणून डिटेन्शनची रक्कम परत मिळाली. खोळंब्याची मिळाली नाही, कारण खोळंबा कोणत्या क्षणापासून मोजायचा हे करारात लिहिलेलेच नव्हते आणि वाहतूकदाराने त्या मोकळ्या जागेचा पुरेपूर फायदा घेतला. ही उघड लूट आहे. ट्रेलरचा खोळंबा बंदराच्या फाटकातून आत शिरल्याच्या नोंदीपासून मोजला जाईल, आणि वाहतूकदाराच्याच कागदपत्रांअभावी झालेला उशीर त्यातून वगळला जाईल, ही दोन वाक्ये करारात नसतील तर गाडी मागवू नये.

हमरस्त्यावरचा प्रवास सुरळीत झाला; त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

लांब वाहनाची उंची ही स्थिर गोष्ट नसते, ती खालच्या रस्त्याच्या आकारानुसार बदलते, हे या वाटेने पुरते पटवून दिले. आमच्या ओढगाडीची मागची चाके आणि लोबेडचा मागचा चाकसमूह यांच्यातील अंतर 12 मीटर होते. रस्ता खोलगट असेल आणि वर पूल असेल, तर पुढची व मागची चाके दोन्ही चढांवर राहतात आणि मधला माल खोलगट भागाच्या तळापासून उचलला जातो. दोन्ही बाजूंना 3 टक्के उतार असेल तर मध्यभागी ही वाढ 18 सेंटिमीटर होते. पुलावर रंगवलेला उंचीचा आकडा खरा असला तरी 4.2 मीटरचा माल तिथे 4.38 मीटरचा होऊन जातो. रस्त्याला उंचवटा असेल तर हाच हिशेब उलटा होतो आणि तेच 18 सेंटिमीटर ट्रेलरच्या पोटाखालून वजा होतात. अडीच मीटर अंतराच्या चाकांची मोटार त्याच उंचवट्यावरून गेली तर तिच्या पोटाखालचे चार सेंटिमीटरही कमी होत नाहीत. आमचा सर्व्हे मोटारीत बसून केलेला होता. त्या माणसाला उंचवटा जाणवणे शक्यच नव्हते आणि उतरून मोजण्याची तसदी त्याने घेतली नाही.

रेल्वे फाटकाजवळ पोचल्यावर पायलट गाडीतील (ताफ्यापुढे वाट पाहत चालणाऱ्या गाडीतील) माणसाला शंका आली आणि त्याने ताफा दूरच थांबवला, याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. रुळांच्या दोन्ही बाजूंचा उतार लेव्हलने (पातळी मोजण्याच्या उपकरणाने) मोजला तो 3.5 टक्के निघाला, म्हणजे 12 मीटरच्या अंतराला 21 सेंटिमीटर. भाराखाली दबलेल्या लोबेडच्या पोटाखाली मात्र 18 सेंटिमीटरच होते. पुढे गेलो असतो तर ट्रेलरचे पोट रुळांवर टेकले असते आणि चाके हवेत फिरत राहिली असती. अमेरिकेत रस्तेबांधणीच्या मार्गदर्शक नियमांनुसार रुळापासून 9 मीटरवर रस्त्याची पातळी रुळापेक्षा 75 मिलिमीटरहून अधिक वर किंवा खाली असू नये. आमच्या फाटकावर ती त्या अंतरावर सुमारे 30 सेंटिमीटर खाली होती. वारंवार खडी भरून रूळ उचलले जातात आणि दोन्ही बाजूंचा रस्ता मात्र जिथल्या तिथे राहतो, म्हणून जुन्या फाटकांवर असे उंचवटे वाढत जातात.

या ठिकाणी ‘थोडे जोरात काढू’ म्हणणारा माणूस प्रत्येक ताफ्यात असतो. त्याला 6 जानेवारी 1968 ची इंग्लंडमधील हिक्सनची घटना सांगावी. 120 टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारे वाहन पोलिसांच्या सोबतीने एका स्वयंचलित फाटकावरून मंद गतीने जात असताना जलदगती रेल्वेगाडी त्याच्यावर आदळली आणि 11 माणसे मृत्युमुखी पडली. धोक्याची सूचना सुरू झाल्यापासून गाडी पोचेपर्यंत तिथे अवघे 24 सेकंद मिळत असत. आमचे वाहन 24 मीटर लांबीचे आणि ओलांडायचे अंतर 10 मीटर होते. सेकंदाला अर्धा मीटर या गतीने पूर्ण बाहेर पडायला 68 सेकंद लागतात. ही वजाबाकी कागदावर करून दाखवली की कोणी जोराची भाषा करत नाही.

उपाय एकच होता आणि तो आम्ही केला. रेल्वेकडे लेखी अर्ज करून त्या मार्गावर ब्लॉक (ठरावीक वेळ रेल्वेगाड्या बंद ठेवण्याची व्यवस्था) घेतला आणि वरच्या तारेतील विद्युतपुरवठा बंद झाल्याची लेखी खात्री हाती आल्याशिवाय चाक हलवले नाही. गूजनेकच्या (ट्रेलरला ओढगाडीशी जोडणाऱ्या पुढच्या भागाच्या) हायड्रॉलिकने पुढून आणि सस्पेन्शनने मागून ट्रेलर 10 सेंटिमीटर उचलला. त्यामुळे पोटाखालची मोकळीक 28 सेंटिमीटर झाली आणि उंचवट्याचे 21 वजा जाऊन सात सेंटिमीटर हाती राहिले. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पोट वाचवण्यासाठी ट्रेलर उचलला की मालाचा माथाही तितकाच वर जातो, म्हणून फाटकाआधीच्या उंची-कमानीखालून (वरच्या तारांपासून माल सुरक्षित ठेवण्यासाठी उंची तपासणाऱ्या चौकटीखालून) उचललेल्या स्थितीतच जावे, कमान ओलांडून मग उचलण्याचा शहाणपणा करू नये. एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे जमिनीलगत बसून पोटाखालची फट पाहत होता, चालकाने फक्त एकाचाच आवाज ऐकायचा असे ठरले होते, आणि ओढगाडी एकाच गियरमध्ये, मध्ये न थांबता, पलीकडे गेली. मागचा चाकसमूह रुळांवरून उतरला तेव्हा सगळ्यांनी एकदमच आरोळी ठोकली. इतका आनंद मला यंत्र कामावर सुरू झाले तेव्हाही झाला नाही.

पुढच्या माणसाला म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो. वाटेत रुळांचे जुने फाटक असेल तर साधा लोबेड घेऊच नये. हायड्रॉलिक मॉड्यूलर ट्रेलर घ्यावा, ज्याचा प्लॅटफॉर्म सुमारे 60 सेंटिमीटरच्या पट्ट्यात वरखाली करता येतो. त्याचे भाडे जास्त असते हे मान्य आहे, पण ब्लॉकची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या ताफ्याचा खर्च त्याहून जास्त होतो. आणि सर्व्हे करणाऱ्याला आगाऊ सांगावे की प्रत्येक फाटक, प्रत्येक पुलाचा चढ आणि पुलाखालचा प्रत्येक खोलगट रस्ता येथे दर दोन मीटरवर पातळी मोजून हवी, एकंदर 30 मीटर लांबीपर्यंत.

फाटकानंतरच्या पुलाबद्दल थोडक्यात सांगतो. वाहन मधोमध, चालण्याच्या गतीने, ब्रेक न लावता आणि पुलावर दुसरे कोणतेही वाहन नसताना न्यावे. वरून कैची (लोखंडी पट्ट्यांची जाळी) असलेल्या पुलावर मधली रांग धरण्याचे आणखी एक कारण आहे. 23 मे 2013 रोजी अमेरिकेतील स्कॅजिट नदीवरील पुलाच्या कैचीला कडेच्या रांगेतून जाणाऱ्या जादा उंचीच्या मालाची धडक बसली आणि पुलाचा एक गाळाच नदीत कोसळला. त्या कैचीच्या खालच्या कडा कमानीसारख्या होत्या, त्यामुळे मधोमध पुरेशी असलेली उंची कडेला कमी पडली.

शेवटची सूचना परतीच्या गाडीविषयी. यंत्र उतरले की परवाना, पायलट गाडी आणि सोबतची माणसे निरोप घेतात आणि चालक रिकामा लोबेड घेऊन रात्रीच एकटा निघतो. रिकाम्या लोबेडच्या पोटाखाली आमच्याकडे 20 सेंटिमीटर होते आणि फाटकाला हवे होते 21. वजन उतरले तरी उंचवटा तोच असतो, म्हणून फाटकापाशी ट्रेलर उचलूनच जायचे हे चालकाकडून लेखी घ्यावे, आणि त्याला फाटकाच्या अलीकडेच थांबवून पलीकडे नेण्यासाठी एक माणूस तिथे ठेवावा.