रत्नपारख नोंदी, महिना पाचवा: आत्याचं माणिक

नवा काटा आला आणि विशिष्ट गुरुत्व (खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, तो आकडा) मोजायला लागलो. आधी माहितीचा खडा घेतला, स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. 2.65 यायला हवं, पण तीनदा 2.5 च्या खाली आलं. भिंगातून पाहिलं तर खड्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटलेले. मग पाणी उकळून गार केलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, पंखा बंद केला (ऑक्टोबरात, मुंबईत!) आणि आकडा जागेवर आला.

मग गिरगावातल्या आत्याचं माणिक. कोंदण सैल होऊन खडा निघाला होता. सोनाराकडे देण्याआधी दोन दिवस मागून घेतला.

ग्लासभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. खडा शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात अधांतरी सोडायचा, तळाला किंवा काठाला लागू द्यायचा नाही. काटा दाखवतो ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नुसता खडा 1.26 ग्रॅम, पाण्यात 0.35. भागाकार 3.6. माणिकाचं गुरुत्व 4, म्हणजे काट्यावर 0.31 किंवा 0.32 दिसायला हवं होतं. पाच वेळा मोजलं, 0.35 हलेना.

3.6 म्हणजे स्पिनेल, माणिकासारखंच दिसणारं दुसरं रत्न. डायक्रोस्कोपमधून (खड्यातले रंग शेजारीशेजारी वेगळे दाखवणारी छोटी नळी) माणिकात लाल रंगाच्या दोन छटा दिसतात, इथे कसाही फिरवला तरी एकच. अतिनील टॉर्चखाली अंधारात निखाऱ्यासारखा लाल उजळला, त्यामुळे गार्नेटही बाद, तो लाल खडा असा उजळत नाही. आणि दहापट भिंगाखाली जे दिसलं त्याने रात्री झोप आली नाही: ओळीने बसलेले इवलेसे अष्टफलक, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसे. खड्याच्या पोटात स्पिनेलचेच चिमुकले स्फटिक!

“खोटं निघालं का रे?” आत्याने फोनवर विचारलं. खोटं नाही गं, वेगळं आहे. माणिक हे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, स्पिनेलमध्ये त्याच्या जोडीला मॅग्नेशियम. लाली दोघांतही क्रोमियमचीच, आणि म्यानमारच्या मोगोकला दोन्ही संगमरवरात सापडतात. ब्रिटिश राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्स’ माणिकसुद्धा स्पिनेलच आहे. कठीणपणात, 1 ते 10 च्या मोजपट्टीवर, माणिक 9, हे 8, रोज बोटात घालायला पुरेसं. माझ्या मते असा खडा माणिकाहून जास्त जपावा.

तरी घरच्या चाचण्यांवर शिक्का मारणार नाही. पुढच्या आठवड्यात खडा प्रयोगशाळेत देतोय. तिथून आला की सोनाराकडे. जुन्या कोंदणात खड्यामागे चकचकीत वर्ख होता, तो आत्याला सांगून काढायला लावणार आहे. मागची बाजू उघडी राहिली की भिंग लावता येईल.